घरचा कॅमेरा मोबाईलवर बघताय? मग त्याची चावी कुणाकुणाकडे आहे, तेही बघा

गावाकडं आता वाड्या-वस्त्यांवरही सीसीटीव्ही दिसतो. कुठं कांदाचाळीवर, कुठं गोठ्यात, कुठं विहिरीवरच्या मोटरीवर, तर कुठं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. मुलगा पुण्यात नोकरीला, लेक सासरी आणि घरी दोघं म्हातारे, अशा घरात तर कॅमेऱ्याचा उपयोग चोर पकडण्यापुरता राहत नाही. आई सकाळी उठून ओसरीवर आली का, गाय व्याली का, दारात कोण उभं आहे, हे मुलगा तिकडून मोबाईलवर बघतो.

सोय मोठी आहे. पण ज्या वाटेनं मुलाला घर दिसतं, त्याच वाटेनं परक्यालाही दिसू शकतं. कॅमेरा नेटला जोडला की घराला आणखी एक दार पडतं. या दाराला कुलूप कोणतं, चाव्या किती आणि त्या कुणाकडे, हे बहुतेक घरात कुणालाच सांगता येत नाही. कॅमेरा बसवणारा येतो, मोबाईलमध्ये ॲप टाकून देतो, चित्र दिसलं की पैसे घेऊन जातो. पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो.

बाहेरून बघण्याची सोयही राहावी आणि घरही उघडं पडू नये, यासाठी काय करायचं त्याची ही माहिती.

मोबाईलवर चित्र येतं कसं?

घरातला कॅमेरा बाहेरगावाहून बघण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. आपल्याकडे कोणता वापरला आहे, हे आधी माहीत करून घ्यावं.

पहिला मार्ग राऊटरमध्ये वाट उघडण्याचा. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. राऊटर हा घराचा राखणदार. बाहेरून आपणहून येणाऱ्याला तो आत सोडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग केलं की त्याला सांगितलं जातं, ‘या नंबरच्या खिडकीवर कुणीही आलं तरी थेट डीव्हीआरकडे पाठव.’ मग डीव्हीआर सगळ्या जगाला दिसतो आणि मधे उरतो फक्त पासवर्ड. इंटरनेटवर अशा उघड्या खिडक्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना गाव, तालुका, माणूस यांच्याशी देणंघेणं नसतं. खिडकी उघडी दिसली की ते पासवर्ड घालून बघतात. घरासाठी हा मार्ग सगळ्यात धोक्याचा.

दुसरा मार्ग कंपनीच्या सर्व्हरचा. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कॅमेरा ॲपमध्ये येतो, तो हाच. यात कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो. मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. राऊटरमध्ये वाट उघडावी लागत नाही, म्हणून पहिल्यापेक्षा हा बरा. सिमवर चालणाऱ्या राऊटरला आणि शेतातल्या सोलर कॅमेऱ्याला बहुतेक वेळा हाच मार्ग चालतो, कारण मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि तिथं पोर्ट उघडून उपयोग होत नाही. या मार्गात भरवसा दोघांवर ठेवावा लागतो : कंपनीच्या सर्व्हरवर आणि आपल्या ॲपच्या खात्यावर.

तिसरा मार्ग व्हीपीएनचा. मोबाईल आणि घरचं नेट यांच्यामध्ये एक बंद बोगदा तयार होतो. मोबाईल कुठंही असला तरी तो घरच्या वायफायवरच आहे असं कॅमेऱ्याला वाटतं, आणि बाहेरच्या माणसाला डीव्हीआर दिसतच नाही. वायरगार्ड, टेलस्केल ही यासाठी वापरली जाणारी नावं. सुरक्षेच्या हिशेबानं हा मार्ग सर्वांत चांगला, पण त्यासाठी व्हीपीएन चालणारा राऊटर किंवा कायम चालू राहणारं एखादं यंत्र घरात लागतं. दूध संकलन केंद्र, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, मोठं दुकान अशा जागी जाणकाराकडून हे करून घेणं परवडतं. साध्या घराला दुसरा मार्ग नीट कुलूप लावून वापरला तरी चालतो.

धोका खरा आहे का?

२०१६ साली ‘मिराय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यानं मोठमोठे संगणक धरले नाहीत. घरोघरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर धरले. युक्ती साधी होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड त्याच्याकडे होते, ते तो एकामागून एक घालून बघायचा. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा हजारो यंत्रांकडून एकाच वेळी एका कंपनीच्या सर्व्हरवर मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

दुसरं उदाहरण जवळचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं. महिलांच्या तपासणीचे व्हिडिओ यूट्यूबवर झलक दाखवून टेलिग्रामवर विकले जात होते. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये महाराष्ट्रातल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. रुग्णालयाच्या यंत्रणेवर कारखान्यातून आलेला साधा पासवर्डच ठेवला होता, असं तपासाच्या बातम्यांतून पुढं आलं. म्हणजे ज्या कामाला फार मोठा हॅकर लागतो असं आपल्याला वाटतं, त्याला न बदललेला एक पासवर्ड पुरतो.

कंपनीच्या सर्व्हरवर सगळं सोपवलं की काळजी मिटली, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वाईझ या कंपनीची सेवा बंद पडून पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची छायाचित्रं दिसली. ग्राहकांची यात काही चूक नव्हती. म्हणून जे चित्र चुकून परक्याला दिसलं तर चालणार नाही, ते चित्र घेणारा कॅमेरा मुळात नेटवर असूच नये.

कॅमेरा कुठं लावावा, कुठं नाही

नियम सोपा ठेवावा. गेट, अंगण, गोठा, चाळ, ट्रॅक्टरची शेड, मोटर, दुकानाचा गल्ला या जागा बाहेरून दिसल्या तर चालतात. झोपायची खोली, न्हाणीघर, कपडे बदलायची जागा आणि बाळंतिणीची खोली या ठिकाणी कॅमेरा नकोच.

अंगणातला कॅमेराही नीट बघून लावावा. न्हाणीघर अंगणात असेल, बायामाणसं तिथं धुणं-भांडी करत असतील, तर कॅमेऱ्याचं तोंड गेटकडं ठेवावं. शेजाऱ्याचं अंगण किंवा खिडकी चित्रात येत असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. त्यानं तेवढा भाग काळा करता येतो. बांधावरून भांडणं होतात तशी आता कॅमेऱ्याच्या तोंडावरूनही होतात, आणि त्यात शेजाऱ्याचं म्हणणं बरोबरही असू शकतं.

बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज टिपणारा माईक असतो. गरज नसेल तर तो बंद ठेवावा. ओसरीवरचं बोलणं, पैशाचा व्यवहार, घरातला वाद हे सगळं त्यात जातं.

बसवणारा घरात असतानाच करायची कामं

नंतर करू म्हटलं की राहून जातं. पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी समोर बसून करून घ्याव्यात.

१. डीव्हीआर किंवा कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा. तो बसवणाऱ्यानं नाही, घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं टाकावा. मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, मुलाचं नाव आणि जन्मसाल असला पासवर्ड नको. एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मधे एखादा आकडा टाकला, तर लक्षातही राहतो आणि ओळखायलाही अवघड जातो. किमान १२ अक्षरं असावीत. काही डीव्हीआर १६ पेक्षा जास्त घेत नाहीत.

२. ॲपचं खातं घरच्या मोबाईल नंबरवर किंवा ईमेलवर काढावं. बसवणाऱ्यानं सोयीसाठी स्वतःच्या नंबरवर खातं काढलं असेल, तर कॅमेऱ्याचा खरा मालक तोच झाला. घरच्यांना त्यानं फक्त बघायला दिलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. खातं आपल्या नावावर करून घ्यावं.

३. ॲपमध्ये दोन टप्प्यांची तपासणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी, अशी सोय असेल तर सुरू करावी. मग पासवर्ड फुटला तरी परक्याला आत येता येत नाही.

४. राऊटरचं पान उघडून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या जागी काही नोंद केली आहे का, ते विचारावं. असेल तर काढायला सांगावं. ‘डीएमझेड’ बंद असावं. ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद करावी, कारण तिच्यामुळं यंत्रं घरमालकाला न विचारता राऊटरमध्ये वाट उघडू शकतात. राऊटरचा स्वतःचा पासवर्डही बदलावा.

५. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम. तो अपडेट करून घ्यावा. कंपनीला सापडलेल्या भगदाडांवर ठिगळ लावलं जातं ते याच अपडेटमधून.

६. डब्यावरचा किंवा डीव्हीआरच्या पाठीवरचा क्यूआर कोड आणि सिरीयल नंबर यांचा फोटो कुणाला पाठवू नये, स्टेटसला तर अजिबात ठेवू नये. काही जुन्या, स्वस्त यंत्रांत हा नंबर आणि मूळ पासवर्ड एवढ्यावर चित्र उघडतं.

७. वेळ आणि तारीख बरोबर लावावी. चोरी झाली आणि चित्रणात वेळच चुकीची असली, तर पोलिसांना ते जुळवताना अडचण येते.

पासवर्ड वहीत लिहून ती कपाटात ठेवली तरी हरकत नाही. डीव्हीआरवर चिकटवू मात्र नये.

चाव्या मोजा

एका कॅमेऱ्याचं ॲप घरात चार-पाच मोबाईलमध्ये सहज असतं. सगळ्यांना एकच मुख्य पासवर्ड देण्याची पद्धत मोडावी. बहुतेक ॲपमध्ये ‘शेअर’ करण्याची सोय असते. मुख्य खातं एकाकडे ठेवून बाकीच्यांना फक्त बघण्याची परवानगी द्यावी. गड्याला गोठ्याचा कॅमेरा पुरतो, ओसरीचा दाखवायची गरज नाही. दुकानातल्या नोकराला रेकॉर्डिंग पुसण्याचा अधिकार देऊ नये.

गडी काम सोडून गेला, घरातल्या कुणाचा मोबाईल हरवला, जुना फोन विकला, नातं बिनसलं, तर त्याच दिवशी ते शेअरिंग काढून पासवर्ड बदलावा. घराची चावी हरवली तर आपण कुलूप बदलतो, तसंच हे.

दुरुस्तीसाठी बसवणाऱ्याला पासवर्ड द्यावा लागला, तर काम झाल्यावर लगेच बदलावा. यात त्याच्यावर संशय घेण्यासारखं काही नाही. तो पन्नास घरांची कामं करतो. त्याचा स्वतःचा फोन चोरीला गेला, तर पन्नास घरांचे पासवर्ड एकदम बाहेर जातात. गावात सगळ्यांचे कॅमेरे एकानंच बसवले असतील आणि सगळीकडे त्यानं एकच पासवर्ड टाकला असेल, तर एका घराची चावी साऱ्या गावाची चावी ठरते.

सतत बघायची खरंच गरज आहे का?

जेवढी गरज तेवढीच वाट उघडी ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चार कॅमेऱ्यांपैकी बाहेरगावाहून खरोखर लागतात ते गेटचा आणि गोठ्याचा. बाकीच्यांचं रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरमध्ये होत राहू द्यावं, ॲपवर ते नसले तरी बिघडत नाही. ॲपमध्ये प्रत्येक कॅमेरा वेगळा देता येत नसेल, तर आतला कॅमेरा नेट नसलेल्या वेगळ्या डीव्हीआरवर घ्यावा किंवा काढून टाकावा.

हे डेटाच्या दृष्टीनंही फायद्याचं आहे. कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला १ मेगाबिट वेगानं येत असेल, तर तासाला साधारण ४५० एमबी जातात आणि दिवसभर चालू ठेवलं तर दहा जीबीच्या पुढं. ॲपमध्ये हलक्या चित्राचा पर्याय असतो. तो अर्धा मेगाबिट धरला तर तासाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास लागतात. सतत चित्र चालू ठेवण्यापेक्षा हालचाल झाली की सूचना येईल अशी सेटिंग ठेवावी आणि सूचना आल्यावरच उघडून बघावं. झाडाची फांदी हलली तरी सूचना येत असेल, तर तेवढा भाग सेटिंगमधून वगळता येतो.

लाईट गेली की राऊटर बंद आणि राऊटर बंद की बाहेरून काहीच दिसत नाही. चोराला ती वेळ बरोबर ठाऊक असते. डीव्हीआर आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. डीव्हीआर टीव्हीशेजारी दर्शनी ठेवू नये. चोर तोच उचलून नेतात आणि पुरावाही जातो. कपाटात, पण हवा खेळेल असा ठेवावा.

नवा घेताना

केंद्र सरकारनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. त्याची अधिसूचना एप्रिल २०२४ मध्ये निघाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. म्हणून खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा, पक्कं बिल घ्यावं. बिगरनावाचा हजार-बाराशेचा कॅमेरा स्वस्त वाटतो, पण त्याला पुढं अपडेट मिळेल का, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

घरात जुना डीव्हीआर असेल आणि त्याला अपडेट येणं थांबलं असेल, तर तो फेकायची गरज नाही. त्याची नेटची वायर काढून ठेवावी. रेकॉर्डिंग होत राहतं, टीव्हीवर बघताही येतं.

शंका आली तर

फिरणारा कॅमेरा कुणी न हलवता वळला, पासवर्ड अचानक चालेनासा झाला, ॲपमध्ये अनोळखी मोबाईल दिसला, कॅमेऱ्यातून परका आवाज आला, तर आधी राऊटर बंद करावा. काही कॅमेरे हालचालीमागं आपोआप वळतात, ती सेटिंग चालू आहे का तेही बघावं. मग ॲपमधली शेअर केलेली सगळी नावं काढावीत, ॲपचा आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदलावा.

चित्रण बाहेर गेल्याचा संशय असेल तर घाईनं हार्ड डिस्क पुसू नये, यंत्र रिसेटही करू नये. त्यात पुरावा असतो. दिसेल त्या मेसेजचे, लिंकचे स्क्रीनशॉट घ्यावेत. व्हिडिओ पुढं कुणालाही पाठवू नये. १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार द्यावी. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

कायदा तक्रारदाराच्या बाजूनं आहे. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई प्रमाणं गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीला चोरून बघण्या-टिपण्यासाठी आहे. ज्या बाईचं चित्रण बाहेर गेलं, तिनं तोंड लपवायचं कारण नाही. गुन्हा करणारा वेगळा आहे. घरच्यांनी तिच्यामागं उभं राहावं.

आणखी एक जपावं. ॲप चालेना म्हणून नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला की खोटे नंबरही सापडतात. समोरचा मोबाईलचा स्क्रीन बघण्याचं ॲप टाकायला सांगतो आणि कॅमेऱ्याच्या नावाखाली बँक खातं रिकामं होतं. नंबर खोक्यावरचा किंवा बिलावरचाच घ्यावा. ओटीपी कुणालाही सांगू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नेट बंद केलं तर रेकॉर्डिंग थांबतं का?*
वायरच्या कॅमेऱ्यांचं डीव्हीआरमध्ये चालू राहतं. वायफाय कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर बहुतेक वेळा त्यात होत राहतं. फक्त मोबाईलवर दिसत नाही.

*डीव्हीआरचा पासवर्ड विसरला तर?*
बसवताना आपला ईमेल किंवा मोबाईल नंबर नोंदवला असेल तर तो रिसेट करता येतो. नसेल तर बिल आणि सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जावं लागतं.

*जुना कॅमेरा विकायचा आहे, काय करावं?*
आधी मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क काढून घ्यावी, ॲपच्या खात्यातून कॅमेरा वगळावा आणि फॅक्टरी रिसेट करावा.

*पासवर्ड किती दिवसांनी बदलावा?*
ठरावीक तारखेला बदललाच पाहिजे असं नाही. बाहेरच्या माणसाला दिला, फोन हरवला, माणूस काम सोडून गेला की लगेच बदलावा.

आजच करायचं दहा मिनिटांचं काम

मोबाईलमधलं कॅमेऱ्याचं ॲप उघडा. खातं कुणाच्या नंबरवर आहे ते बघा. कुणाकुणाला शेअर केलं आहे, ती नावं मोजा. ओळखीचं नाही ते काढा. पासवर्ड बसवणाऱ्यानं टाकलेलाच असेल तर बदला. मग कॅमेरे एकेक करून उघडा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा : हे चित्र गावातल्या पारावर लावलं तर घरातल्या बायामाणसांना चालेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या कॅमेऱ्याचं तोंड वळवा किंवा त्याचं नेट काढा.